सूर्याचा खर्च आणि त्याची जमा

1838 साली पॅरिसमध्ये क्लोद पुइये नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने सूर्यासमोर पाण्याची एक डबी धरली. चांदीच्या पत्र्याची, चपटी. सूर्याकडची बाजू काजळीने काळी केलेली, पाठीमागून आत शिरवलेला तापमापक. पाच मिनिटं सावलीत, पाच मिनिटं थेट उन्हात, पुन्हा पाच मिनिटं सावलीत, असा त्याचा क्रम. पाणी किती अंश चढलं ते पाहायचं, वाऱ्याने आणि सावलीने किती उतरलं ते वजा करायचं, हवेच्या थराने वाटेत किती ऊन गिळलं त्याचा अंदाज मिळवायचा. त्याच सुमाराला जॉन हर्शेल आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप इथे, असेच प्रयोग करत होता. पुइयेचं उत्तर आजच्या एककांत सांगायचं तर असं: वातावरणाच्या बाहेर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर 1228 वॉट ऊर्जा येते. आज उपग्रहांवरची उपकरणं हाच आकडा 1361 सांगतात. काजळी फासलेली एक डबी आणि एक घड्याळ एवढ्या भांडवलावर माणूस सत्याच्या दहा टक्क्यांत पोहोचला होता.

या एका आकड्यावरून सूर्याचा एकूण खर्च काढायला शाळेतली भूमिती पुरते. सूर्य मध्यभागी ठेवून, पृथ्वीपर्यंतचं 15 कोटी किलोमीटर अंतर त्रिज्या धरून एक गोल कल्पायचा. सूर्यातून चारी दिशांना निघालेला सगळा प्रकाश या गोलाच्या पृष्ठभागातून जाणारच. त्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ 281 वर एकवीस शून्ये इतके चौरस मीटर. प्रत्येकावर 1361 वॉट. गुणाकार केला की येतात 383 वर चोवीस शून्ये इतके वॉट. पृथ्वीच्या वाट्याला यातला सुमारे दोनशे कोटींमधला एक भाग येतो, आणि त्यावर पाऊस, वारा, पिकं, जंगलं आणि आपण सगळे चालतो.

खर्च कळला. तो कुठल्या खात्यातून भागवला जातो, हे मात्र पुढची शंभर वर्षं कुणाला सांगता येईना. त्या शंभर वर्षांची ही हकिगत आहे.

पहिली शंका अर्थातच जळण्याची. पण संपूर्ण सूर्य उत्तम प्रतीच्या दगडी कोळशाचा आहे आणि जाळायला लागेल तेवढा प्राणवायूही जवळच आहे असं धरलं, तरी या वेगाने तो सुमारे पाच हजार वर्षांत संपतो. म्हणजे इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत असताना पेटलेला कोळशाचा सूर्य एव्हाना विझायला आला असता. तेव्हा जळणाचा विचार लवकरच मागे पडला आणि गुरुत्वाकर्षणाकडे लक्ष गेलं.

हा विचार मांडणाऱ्यांत पहिला हाइलब्रॉनचा डॉक्टर रॉबर्ट मायर. 1840 साली एका डच जहाजावरचा वैद्य म्हणून तो जावाला गेला होता. उष्ण प्रदेशात खलाशांच्या शिरांतलं रक्त अपेक्षेपेक्षा लालभडक दिसलं, आणि तिथून त्याच्या मनात उष्णता आणि कार्य यांच्या नात्याचा विचार सुरू झाला. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती रूप बदलते, हे म्हणणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी तो एक. ते म्हटल्यावर सूर्याचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. 1848 मध्ये मायरने पुस्तिका छापून उत्तर दिलं: सूर्यावर सतत उल्का कोसळत असतात आणि त्यांच्या आघातातून उष्णता निर्माण होते.

दुसऱ्या माणसाचा पत्ता मुंबईचा होता. जॉन जेम्स वॉटरस्टन, जन्म एडिंबरोचा, 1811 सालचा. 1839 पासून तो मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या उमेदवारांना नौकानयनाचं गणित शिकवत होता. उरलेल्या वेळात तो वायूच्या रेणूंचा विचार करत असे. वायूचं तापमान म्हणजे त्याच्या रेणूंच्या धावपळीचं माप, हे त्याने गणिताने दाखवलं आणि 1845 मध्ये मुंबईहून तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. परीक्षकाने तो निव्वळ निरर्थक ठरवला. सोसायटीच्या नियमाप्रमाणे आलेला निबंध परत मिळत नसे, आणि वॉटरस्टनकडे दुसरी प्रत नव्हती. ते कागद 1891 मध्ये लॉर्ड रॅले यांना दफ्तरात सापडले तेव्हा मॅक्सवेल आणि बोल्ट्झमान यांनी तेच सगळं स्वतंत्रपणे शोधून काढलेलं होतं. वॉटरस्टन त्याआधीच, जून 1883 मध्ये, एडिंबरोतल्या घरातून बाहेर पडला होता आणि परतला नव्हता. त्याचं काय झालं ते कधीच निश्चित कळलं नाही. मुंबईच्या विज्ञानाच्या इतिहासात या माणसाला जागा हवी, असं मला फार वाटतं. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

या वॉटरस्टनचा सूर्याच्या उष्णतेवरचा एक निबंध 1853 मध्ये इंग्लंडमध्ये हल इथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात वाचला गेला. उल्का आपटण्याबरोबरच सूर्य स्वतःच्या भाराने आत आत दाबला जात असेल, हाही विचार त्यात होता. ग्लासगोच्या विल्यम थॉमसनपर्यंत, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनपर्यंत, तो पोहोचला आणि त्याने तो उचलून धरला. हिशेब मोहात पाडणारा होताच. दूर अंतराळातून सूर्यावर पडणारा एक किलोचा दगड आपटतो तेव्हा एक किलो कोळशाच्या जवळजवळ सहा हजारपट उष्णता देतो. मात्र सूर्याचा रोजचा खर्च या वाटेने भागवायचा तर वर्षाला साधारण एका चंद्राइतकं वस्तुमान त्याच्यावर ओतावं लागेल. सूर्य जड होत गेला तर पृथ्वीवरची ओढ वाढेल आणि प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापेक्षा सेकंद-दोन सेकंदांनी लहान होत जाईल. जुन्या ग्रहणांच्या नोंदींमधून असा फरक लपून राहिला नसता. उल्का गेल्या, आकुंचन राहिलं.

1854 मध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झने क्योनिग्सबेर्ग इथल्या व्याख्यानात ते नेटकेपणाने मांडलं. सूर्याची त्रिज्या वर्षाला 40 मीटरच्या आसपास आत आली तरी सध्याचा खर्च भागतो. सात लाख किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात एवढी घट कुठल्याही दुर्बिणीला दिसणार नाही. सिद्धांत निर्दोष, गणित पक्कं. फक्त या साठ्याचं आयुष्य निघत होतं दोन-तीन कोटी वर्षं.

केल्विनने 1862 मध्ये मॅकमिलन्स मॅगझिनमध्ये सूर्याच्या उष्णतेच्या वयावर लेख लिहिला. सूर्याच्या घनतेबद्दल सढळ हाताने सूट देऊन त्याने मर्यादा दहा कोटी वर्षांपर्यंत ताणली. पन्नास कोटींच्या पलीकडे जाणं जवळजवळ अशक्य ठरवलं. हा वार थेट चार्ल्स डार्विनवर होता. डार्विनने 1859 च्या आपल्या ग्रंथात दक्षिण इंग्लंडमधल्या वील्ड खोऱ्याच्या झिजेला तीस कोटी वर्षं लागली असावीत असा हिशेब दिला होता. तिसऱ्या आवृत्तीतून त्याने तो काढून टाकला. जगाचं वय इतकं कमी आहे ही थॉमसनची मतं आपल्याला सर्वांत जास्त छळतात, अशा अर्थाचं त्याने 1869 मध्ये वॉलेसला लिहिलं. भूवैज्ञानिक खडकांचे थर मोजून कोट्यवधी वर्षं मागत होते आणि युरोपातला सर्वांत दबदब्याचा भौतिकशास्त्रज्ञ ती नाकारत होता.

केल्विनला या वादात हट्टी खलनायक ठरवण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. त्याच्या काळात माहीत असलेल्या भौतिकशास्त्राने दुसरं उत्तर देताच येत नव्हतं. आणि 1862 च्या त्याच लेखात त्याने सृष्टीच्या कोठारात आपल्याला अजून माहीत नसलेले ऊर्जेचे स्रोत असतील तर गोष्ट वेगळी, असं नमूद करून ठेवलं होतं. त्याचा दोष पुढचा. वय वाढलं तशी ही सवलत तो विसरत गेला, आणि 1897 मध्ये तर पृथ्वीला दोन ते चार कोटी वर्षांच्या कोंडीत बसवून मोकळा झाला. दोनच वर्षांनी शिकागोच्या टॉमस चेंबरलिन या भूवैज्ञानिकाने जाहीरपणे विचारलं की अणूच्या आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का; तिथे प्रचंड ऊर्जा कोंडलेली नसेल कशावरून?

चेंबरलिनच्या प्रश्नाला उत्तर मिळायला वेळ लागला नाही. 1896 मध्ये बेकरेलला युरेनियमचे किरण सापडले होते. 1903 मध्ये प्येर क्यूरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी मोजून दाखवलं की रेडियम सतत, काहीही न जळता, उष्णता देत राहतं. 1904 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यावर बोलायला उभा राहिला तेव्हा समोर ऐंशीच्या घरातला केल्विन बसलेला. रदरफर्डने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे म्हातारा झोपला होता, आणि पृथ्वीच्या वयाचा विषय निघताच त्याचा एक डोळा उघडला. रदरफर्डने वेळ ओळखली: लॉर्ड केल्विन यांनी नवा स्रोत न सापडल्यास अशी अट घातली होती, आज आपण ज्याबद्दल बोलतोय ते त्यांचं भाकीतच होतं. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला म्हणतात. 1907 पर्यंत बर्ट्रम बोल्टवुडने किरणोत्साराच्या घड्याळाने खडकांची वयं मोजून ती शंभर कोटी वर्षांपलीकडे नेली. पृथ्वी एवढी जुनी, तर तिला ऊब देणारा सूर्य लहान असून कसं चालेल? पण सूर्याच्या वर्णपटात रेडियमचा पत्ता नव्हता. जुनं खातं बंद झालं होतं आणि नवं सापडलेलं नव्हतं.

सप्टेंबर 1905 मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीतल्या आल्बर्ट आइन्स्टाइनचा तीन पानांचा एक निबंध ‘अनालेन डेर फिजिक’कडे आला. वस्तू प्रकाशाच्या रूपाने ऊर्जा देते तेव्हा तिचं वस्तुमान त्या ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून येईल तेवढं घटतं, हा त्याचा निष्कर्ष. रेडियमच्या क्षारांवर हे पडताळून पाहता येईल, असंही त्याने शेवटी सुचवलं. सूर्याचं नाव त्यात नाही. पण खरं तर सूर्याचा हिशेब त्याच दिवशी मांडता आला असता.

प्रकाशाचा वेग सेकंदाला 30 कोटी मीटर. त्याचा वर्ग 9 वर सोळा शून्ये. म्हणजे एक किलो वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत गेलं तर 9 वर सोळा शून्ये इतके ज्यूल; आपल्या विजेच्या बिलाच्या भाषेत 2500 कोटी युनिट. आता सूर्याचा सेकंदाचा खर्च, 383 वर चोवीस शून्ये ज्यूल, याला त्या वर्गाने भागा. उत्तर येतं सुमारे 426 कोटी किलो. सूर्य दर सेकंदाला 42 लाख 60 हजार टनांनी हलका होतो.

या भागाकाराकडे मी विद्यार्थ्यांचं लक्ष मुद्दाम वेधतो, कारण त्यात सूर्याच्या आत काय चाललंय याचा एक शब्दही लागत नाही. सूर्य आकुंचन पावून चमकत असला तरी हाच आकडा, कोळसा जाळून चमकत असला तरी हाच. बाहेर गेलेली ऊर्जा वस्तुमान घेऊनच जाते. व्याधाचा तारा सूर्याच्या सुमारे पंचवीसपट तेजस्वी आहे, तर तो सेकंदाला दहा कोटी टनांहून जास्त गमावतो. एवढं म्हणायला त्याचा गाभा पाहण्याची गरज नाही. उलट दिशेनेही तेच. कुठल्या ताऱ्याचं सेकंदाला किती वस्तुमान ऊर्जेत जातं हे कळलं की प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणायचं, त्याची शक्ती वॉटमध्ये हातात. जेम्स जीन्सने 1929 च्या आपल्या लोकप्रिय पुस्तकात सूर्याची मिनिटाला 25 कोटी टनांची घट वाचकांना सांगितली, तेव्हा सूर्य कशावर चालतो हे जीन्सला ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं की आत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना पूर्ण नष्ट करत असावेत. तसं असतं तर सूर्य 15 लाख कोटी वर्षं टिकला असता. घटीचा आकडा अचूक, कारण मात्र चूक.

आतली प्रक्रिया ठरवते ती गोष्ट वेगळी: साठ्यातला किती भाग ऊर्जेत बदलण्याजोगा आहे, आणि म्हणून तारा किती काळ जगेल. त्याची किल्ली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत होती. फ्रान्सिस ॲस्टनने पहिल्या महायुद्धानंतर अणूंची वस्तुमानं तोलणारं यंत्र बनवलं, आणि 1920 मध्ये त्याला आढळलं की हायड्रोजनचा अणू 1.008 तर हेलियमचा 4. चार हायड्रोजन एकत्र केले तर 4.032 व्हायला हवेत. मधले 0.032 गेले कुठे?

त्याच वर्षी 24 ऑगस्टला कार्डिफमध्ये आर्थर एडिंग्टन ब्रिटिश असोसिएशनपुढे बोलला. आदल्या वर्षीच्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला मोजून त्याने आइन्स्टाइनला जगप्रसिद्ध केलं होतं. आधी त्याने आकुंचनाच्या सिद्धांताला मूठमाती दिली. डेल्टा सेफेई हा तारा ठरावीक दिवसांनी फुलतो आणि मिटतो. तो आकसत असता तर त्याचा काळ वर्षागणिक घटताना दिसला असता, आणि नोंदींमध्ये तसं काही दिसत नाही. मग त्याने ॲस्टनचा फरक समोर ठेवला. हायड्रोजनपासून हेलियम घडताना सुमारे 120 भागांतला एक भाग वस्तुमान हरवतं, आणि ते ऊर्जा बनून जातं. ताऱ्यात सुरुवातीला पाच टक्के जरी हायड्रोजन असला तरी त्याची गरज भागते. माणसाला ही ऊर्जा कधी वश झाली तर ती कल्याणासाठी वापरली जाईल की आत्मघातासाठी, ही चिंताही त्याने त्याच भाषणात व्यक्त केली. हिरोशिमाच्या पंचवीस वर्षं आधी.

एडिंग्टनच्या या तर्कातलं हेलियम आधी सापडलं सूर्यावर. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची छाया आपल्या देशावरून गेली. फ्रेंच खगोलज्ञ झान्सेन त्यासाठी गुंटूरला आला होता. ग्रहणात सूर्याच्या काठावर एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची नाही, आजवर न भेटलेल्या मूलद्रव्याची आहे, या निष्कर्षाला नॉर्मन लॉकियर इंग्लंडमधून केलेल्या स्वतःच्या वेधांवरून पोहोचला. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून हेलियमचा शोध इथेच लागला असं सांगितलं जातं, 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. कट्टे खरे आहेत, लॉकियरही तिथे आला होता. पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला, म्हणजे शोधानंतर तीस वर्षांनी. 1868 मध्ये तो भारतात नव्हता. त्याच 1898 च्या ग्रहणाचे वेध पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूरकडच्या जेऊरला घेतले. तेव्हा महाराष्ट्राने या विषयात काय केलं हे सांगायला आपल्याकडे खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत. तारीख तीस वर्षं मागे ओढण्याची गरज नाही.

एडिंग्टनपुढे दोन अडचणी होत्या. सूर्यात एवढा हायड्रोजन आहे का, ही पहिली. त्या काळची समजूत अशी की सूर्य साधारण पृथ्वीच्याच मालाचा, लोखंड भरपूर असलेला. 1920 मध्ये मेघनाद साहा यांनी तापमान आणि दाब यांच्यावरून अणूंचं आयनीभवन किती होईल याचं समीकरण दिलं. त्यामुळे वर्णपटातली रेषा ठळक आहे एवढ्यावरून मूलद्रव्य विपुल आहे असं म्हणता येणार नाही, हे स्पष्ट झालं. हे समीकरण हाती घेऊन हार्वर्डमध्ये सिसिलिया पेन या पंचविशीतल्या इंग्रज मुलीने ताऱ्यांचे वर्णपट वाचले. तिच्या 1925 च्या प्रबंधात उत्तर निघालं की ताऱ्यांत हायड्रोजन इतर सगळ्यांपेक्षा प्रचंड पटीने जास्त आहे. प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल हे या क्षेत्रातले अधिकारी पुरुष. त्यांनी हे अशक्य म्हटलं, आणि पेनला प्रबंधात लिहावं लागलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचले. त्यांनी तिच्या कामाचा उल्लेख केला खरा, पण श्रेय बराच काळ त्यांच्याच नावावर राहिलं. स्वतःचं बरोबर उत्तर स्वतःच्या हाताने खोडणं काय असतं, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होतं.

दुसरी अडचण उष्णतेची. दोन प्रोटॉन एकमेकांना विजेच्या बळाने दूर लोटतात. ते चिकटावेत म्हणून लागणारा वेग सूर्याच्या गाभ्यातल्या तापमानालाही देता येत नव्हता. तारे पुरेसे गरम नाहीत म्हणणाऱ्यांना एडिंग्टनने सुनावलं होतं की मग याहून गरम जागा शोधून दाखवा. त्याचा विश्वास ठाम होता, पुरावा तेव्हा नव्हता. 1928 मध्ये ग्योटिंगनमध्ये जॉर्ज गॅमोने दाखवलं की पुंज यांत्रिकीच्या नियमांनी कणाला अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही, थोड्या संभाव्यतेने का होईना, पलीकडे जाता येतं. लगोलग रॉबर्ट ॲटकिन्सन आणि फ्रिट्झ हाउटरमान्स या दोन तरुणांनी तीच वाट उलट बाजूने ताऱ्यांत लावली आणि 1929 मध्ये निबंध छापला. कम्युनिस्ट विचारांचा हाउटरमान्स पुढे नाझी जर्मनी सोडून खारकॉव्हला गेला. तिथे 1937 मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला पकडलं आणि 1940 मध्ये गेस्टापोच्या हवाली केलं. तारे कशाने तळपतात हे ज्यांना प्रथम अंधूकपणे कळलं, त्यांच्यापैकी एकाची दोन हुकूमशाह्यांच्या तुरुंगांत अशी ससेहोलपट झाली.

शेवटचा दुवा हान्स बेथेने जोडला. आई ज्यू घराण्यातली म्हणून 1933 मध्ये ट्युबिंगेनची नोकरी गेलेला बेथे अमेरिकेत कॉर्नेलला होता. मार्च 1938 मध्ये गॅमो आणि त्याचे सहकारी यांनी वॉशिंग्टनला एक छोटी परिषद भरवली. ताऱ्यांच्या विषयात आपल्याला रस नाही म्हणून बेथे सुरुवातीला जायलाच तयार नव्हता. तिथे कळलं की सूर्यात हायड्रोजन भरपूर आहे हे मान्य केल्यावर गाभ्याचं तापमान चार कोटी अंशांवरून 1.9 कोटींवर उतरतं. हा आकडा धरला तर चार्ल्स क्रिचफिल्डने काढलेली प्रोटॉन-प्रोटॉन अभिक्रियेची गती सूर्याच्या प्रकाशाशी चक्क जुळत होती. क्रिचफिल्ड आणि बेथे या दोघांचा निबंध त्याच वर्षी आला. जास्त मोठ्या, जास्त तप्त ताऱ्यांसाठी बेथेने कार्बन आणि नायट्रोजन यांना मध्यस्थ करणारं चक्र शोधलं. कार्ल फोन वाइझेकर जर्मनीत स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला होता.

बेथेचा ‘ताऱ्यांमधील ऊर्जानिर्मिती’ हा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये 1 मार्च 1939 ला छापून आला. तो आणखी लवकर आला असता. पण न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीने याच विषयावरच्या अप्रकाशित निबंधाला 500 डॉलरचं बक्षीस लावलं आहे असं त्याच्या रॉबर्ट मार्शाक या विद्यार्थ्याने सांगितलं, आणि बेथेने छपाई थांबवून निबंध तिकडे पाठवला. बक्षीस मिळालं. बातमी दिल्याबद्दल 50 डॉलर मार्शाकला दिले. 250 डॉलर गेले आईसाठी: ती जर्मनीतून निघत होती आणि तिचं सामान सोडायला नाझी सरकारला परकीय चलन हवं होतं. 1967 मध्ये याच कामाला नोबेल पारितोषिक मिळालं.

आता सूर्याचं खातं पूर्ण मांडता येतं. आजच्या अचूक वस्तुमानांनी चार हायड्रोजनचं एक हेलियम होताना 0.7 टक्के वस्तुमान ऊर्जेत जातं. सेकंदाला 42 लाख 60 हजार टन ऊर्जेत जायचे तर सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन लागतो, आणि त्याचं उरतं साडेएकोणसाठ कोटी टनांच्या वर हेलियम. हायड्रोजन जळतो तो फक्त गाभ्यात. सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण दहावा भाग वापरता येतो असं धरलं तर आयुष्य येतं हजार कोटी वर्षांच्या घरात. त्यातली 460 कोटी सरली आहेत. एवढ्या काळात, आजचाच वेग धरला तर, सूर्याने सुमारे शंभर पृथ्व्यांइतकं वस्तुमान प्रकाशात उधळलं आहे. त्याच्या एकूण वस्तुमानात ही घट 0.03 टक्क्यांची.

आणि ही भट्टी आपण समजतो तशी प्रखर नाही. प्रोटॉन-प्रोटॉन साखळीच्या पहिल्याच पायरीवर दोन प्रोटॉन भिडत असताना त्यातल्या एकाचं न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावं लागतं. ही घटना इतकी दुर्मीळ की गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला तिच्यासाठी सरासरी 900 कोटी वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागते. गाभ्याच्या अगदी मध्यातला एक घनमीटर पावणेतीनशे वॉटच्या आसपास ऊर्जा देतो. शेतातल्या मुरत्या शेणखताच्या ढिगातून येणारी ऊबही साधारण याच पायरीवरची. सूर्य तळपतो तो त्याच्या आकारामुळे. या मंदपणामुळेच तो इतकी वर्षं टिकला, आणि पृथ्वीवर जीवसृष्टीला वेळ मिळाला.

बेथेचा हिशेब कागदावर जुळला होता, तरी गाभा कुणी पाहिला नव्हता. तिथून निघालेला प्रकाश धडका खात पृष्ठभागाशी यायला लाखभर वर्षं घेतो. पण याच अभिक्रियेत जन्मणारे न्यूट्रिनो नावाचे कण थेट बाहेर पडतात आणि सव्वाआठ मिनिटांत इथे येतात. आपल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सहा हजार कोटींहून जास्त. रेमंड डेव्हिसने साउथ डकोटातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोलीवर, कपडे धुलाईच्या दुकानात वापरतात त्या क्लोरीनयुक्त द्रावणाची पावणेचार लाख लिटरहून मोठी टाकी बसवली. 1968 पासून निकाल येऊ लागले. जॉन बाकॉल यांच्या गणिताने जेवढे न्यूट्रिनो हवेत त्यांचा तिसरा हिस्साच सापडत होता. तीस वर्षं लोक डेव्हिसच्या प्रयोगावर नाहीतर बाकॉलच्या सूर्यावर संशय घेत राहिले. दोघंही बरोबर होते. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि डेव्हिसच्या टाकीला एकच प्रकार दिसत होता, हे कॅनडातल्या सडबरीच्या खाणीतल्या प्रयोगाने 2001 आणि 2002 मध्ये सिद्ध केलं. 2002 चं नोबेल घेताना डेव्हिस 88 वर्षांचा होता.

2014 मध्ये इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या बोरेक्सिनो प्रयोगाने साखळीच्या त्या पहिल्या, अतिमंद पायरीतले न्यूट्रिनो वेगळे मोजले. त्यांच्यावरून गाभ्यात आज किती ऊर्जा तयार होते ते काढलं, आणि लाखभर वर्षांपूर्वी निघून आज पृष्ठभागावरून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाशी ते ताडलं. मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत दोन्ही आकडे एकच आले. 2020 मध्ये त्याच प्रयोगात कार्बन-नायट्रोजन चक्राचे न्यूट्रिनोही सापडले. 1939 मध्ये बेथेला सूर्य मुख्यत्वे याच चक्रावर चालत असावा असं वाटलं होतं. प्रत्यक्षात सूर्याच्या एकूण ऊर्जेत त्याचा वाटा टक्काभराचा निघाला; बाकीची जवळजवळ सगळी प्रोटॉन-प्रोटॉन साखळीची.